मी आलो की चालणारी मशीन

ज्यांना ही थाप वाटेल त्यांनी इथेच थांबावं. मला कुणाची करमणूक करायची नाही. मी रागात लिहितोय आणि हा राग वर्ष उलटलं तरी उतरलेला नाही.

या पानावर तुम्ही रात्रीच्या गोष्टी वाचता. माझी गोष्ट भर दुपारची आहे.

तारीख १४ मे २०२४. मंगळवार. वेळ सव्वादोनची. ठिकाण धुळे, देवपूर, माझ्या बहिणीच्या घराचा मागचा ओटा.

ऊन असं होतं की ओट्यावर पाणी टाकलं तर वाफ यायची. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं.

आणि तरी त्या ओट्यावर आम्हा दोघांशिवाय कुणीतरी होतं...

माझं नाव भाईदास. बावीस वर्षं झाली, जळगावात वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. माझं डोकं गरम आहे, हे बायकोपासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळे सांगतील. पण काम चोख, असंही सांगतील.

म्हणजे सांगायचे.

माझी धाकटी बहीण कोकिळा विधवा आहे. कॉलेजच्या मुलींचं एक होस्टेल आहे, तिथले कपडे धुऊन, इस्त्री करून ती घर चालवते. त्या वर्षी संक्रांतीनंतर ती बाथरूममध्ये पडली आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण पिळण्याची ताकद परत आली नाही. होस्टेलच्या बाई म्हणाल्या, जमत नसेल तर दुसरी बघते.

मी म्हटलं, भाऊ मशीनवाला असताना बहिणीने हाताने का धुवावं?

चिंधाभाऊ नावाचा जुना माल विकणारा माझ्या ओळखीचा. त्याच्याकडे एक सेमी ऑटोमॅटिक पडली होती. पत्र्याची बॉडी, दोन टब, नवा निळा रंग मारलेला. पूर्वी कोणाची होती ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मी मोटर फिरवून बघितली. आवाज छान. मार्चमध्ये टेम्पोत टाकून धुळ्याला नेऊन दिली.

आठ दिवसांनी कोकिळेचा फोन आला.

"भाऊ, मशीन मधमांच बंद पडस."

मी गेलो. मशीन लावली. तासभर चालली. एकदाही बंद पडली नाही.

मी जळगावला परतलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन.

असं एकदा नाही, चारदा झालं.

मधूनच येणारा बिघाड म्हणजे मेकॅनिकचा काळ. मेलेली मोटर बरी, सरळ बदलता येते. पण ही मरायचं नाव घेत नव्हती आणि जगतही नव्हती. मी कपॅसिटर बदलला. पट्टा बदलला. टायमर उघडून साफ केला. मोटरच्या वायंडिंगला, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीला, मीटर लावला, सगळे आकडे बरोबर. व्होल्टेज कमी असेल म्हणून स्टॅबिलायझर आणून दिला. एकदा तर मशीन उचलून माझ्या दुकानात आणली आणि तीन दिवस कपडे घालून चालवली.

तीन दिवस ती एकदाही थांबली नाही.

परत धुळ्याला ठेवली. त्याच दिवशी संध्याकाळी फोन.

माझी सटकली. मी फोनवर ओरडलो, "नाचता येईना अंगण वाकडं! जास्त कपडे कोंबतेस तू!"

ती माझीच बहीण. ती काय ऐकून घेते?

"माले येडी समजस का?" ती म्हणाली. "तू येस तवय गुमान चालस. तू गाडीमां बसना का बंद. मशीन तुन्ही, खोट मन्हामां?"

आणि मग म्हणाली, "आनि मन्ही चप्पल कोन वली करस?"

मला वाटलं, हे काय मध्येच?

तिचं म्हणणं असं. मागच्या ओट्याला लागून तिचं स्वयंपाकघर, त्यातच देव्हारा. त्यामुळे तिकडे ती चप्पल घालत नाही. चप्पल पुढच्या दारात. पण मशीन बंद पडली आणि ती वळून बघते तर चप्पल मागे असायची... मशीनच्या पुढ्यात. दोन्ही जोडीने लावलेल्या. अंगठे तिच्याकडे.

आणि चिंब ओल्या.

"कुत्रं आणत असेल," मी म्हणालो.

"कुत्रं जोडीने लावस का?"

मी फोन ठेवून दिला. मला चपलांचं ऐकायचं नव्हतं. मला मोटरचं उत्तर हवं होतं. आज वाटतं, तेव्हा चपलांचं ऐकलं असतं तर मोटरचं उत्तर तिथेच होतं.

मे महिना लागला. होस्टेलच्या बाईंनी शेवटचं सांगितलं. परीक्षा संपून मुली घरी जायच्या होत्या, पडदे-चादरींसकट सगळे कपडे पंधरा तारखेपर्यंत धुऊन हवेत, नाहीतर जूनपासून काम दुसरीला. कोकिळेचं घर त्या कामावर होतं. तिने फोनवर एवढंच सांगितलं, "भाऊ, जमत नशी तर तुन्ही मशीन उचली ने. मी हातवर धुसू. मोडू दे हात."

मला लाज वाटली. आणि लाज वाटली की मला राग येतो.

चौदा तारखेला सकाळच्या बसने निघालो. ठरवलं होतं, आज बिघाड डोळ्यांनी बघितल्याशिवाय उठायचं नाही.

ओट्यावर स्टूल घेतलं. मशीनचं मागचं झाकण काढलं. चादरी घातल्या, पाणी भरलं, टायमर फिरवला. पायात माझी रबरी चप्पल. माझ्या उस्तादाने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, पाण्याचं काम, विजेचं काम, पायात रबर हवं. बावीस वर्षांत मी कुणाच्या घरात मशीनजवळ चप्पल काढली नाही. गिऱ्हाईक कुरकुरलं तर मी सरळ म्हणायचो, मग दुसरा मेकॅनिक बघा.

मशीन चालू लागली. दहा मिनिटं. वीस मिनिटं. तीन घाणे निघाले.

एकदाही थांबली नाही.

सव्वादोन वाजले. मी घामाने निथळत होतो. आतल्या आत शिव्या देत होतो, मशीनला, चिंधाभाऊला, कोकिळेलाही.

तेवढ्यात कोकिळा एक राहिलेली उशीची खोळ घेऊन स्वयंपाकघरातून ओट्यावर उतरली. अनवाणी. ओल्या फरशीवर तिचं पहिलं पाऊल पडलं...

मोटर थांबली.

मी टायमरकडे बघितलं. पाच मिनिटं बाकी होती. वीज होती. स्टॅबिलायझरचा दिवा हिरवा होता.

"देख!" कोकिळा ओरडली. "देखं आते तुन्ही?"

"मांगे सरक," मी म्हणालो.

ती स्वयंपाकघरात मागे गेली.

मोटर सुरू झाली... आपोआप.

मी तिला पुन्हा पुढे बोलावलं. पाऊल ओल्या फरशीवर, मोटर बंद. मागे, चालू. पुढे, बंद. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच. मग तिला म्हटलं, पुढच्या दारातून चप्पल घालून ये. ती चप्पल घालून आली, ओल्या फरशीवर उभी राहिली, मशीनला हात टेकवला.

मशीन चालूच.

या मशीनमध्ये तसं काही नसतं. नीट ऐका. ही जुनी सेमी. टायमर, मोटर, कपॅसिटर, पट्टा. माणूस अनवाणी आहे की नाही, हे कळायला हिच्यात काहीही नाही.

मी बटण बंद केलं आणि टबाचं झाकण उघडलं. आत चादरी पाण्यात तरंगायला हव्या होत्या.

नव्हत्या.

एकेक चादर दोन्ही टोकांनी पिळून, दुमडून, एकावर एक रचलेली होती. मशीन पिळते तो पीळ वेगळा. हा हाताचा पीळ होता.

आणि ऐकू आलं...

थप.

थप.

थप.

दगडावर कपडा आपटावा तसं. टबाच्या आतून.

कोकिळा भिंतीला चिकटली. भीती मलाही वाटली, खोटं कशाला बोलू? पण माझ्या अंगात भीतीआधी राग येतो. माझ्या बहिणीच्या पोटावर पाय देणारं हे जे कोण होतं, ते माझ्याशी खेळत होतं.

"अनवाणी पाय लागला की बंद पडतेस ना?" मी मशीनला म्हणालो. "थांब!"

मी रागाने बटण लावलं, दोन्ही चपला लाथाडल्या आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहिलो.

वाट बघितली. आता थांबेल... आता थांबेल...

मोटर थांबली नाही.

उलट आवाज वाढला.

मोटर कशी चालतेय हे बघायला मेकॅनिक बॉडीवर तळवा ठेवतो. हाताला ती सवय असते, डोक्याला विचारावं लागत नाही. मी तळवा ठेवला.

त्यानंतरचं मला आठवत नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा मी ओट्याच्या पायरीखाली पडलो होतो आणि कोकिळा माझ्या तोंडावर पाणी मारत होती. "भाऊ! भाऊ, डोया उघाड!" तिने झाडूच्या दांड्याने बटण पाडलं होतं. ती चप्पल घालून होती म्हणून मी वाचलो.

उजवा हात खांद्यापर्यंत बधिर. तशाच हाताने मी टेस्टर काढला. चप्पल घालून, बटण लावून बॉडीला टेस्टर टेकवला.

लाल भडक पेटला.

मोटर तापली, ओल धरली की वायंडिंगमधून करंट बॉडीत उतरत होता. थंड कोरड्या मोटरला मीटर लावून ते कधीच दिसलं नसतं. मोटर चालू तर बॉडीत करंट. मोटर बंद तर नाही.

म्हणजे दोन महिने, जेव्हा जेव्हा माझी बहीण अनवाणी त्या मशीनला हात लावायला गेली, तेव्हा तेव्हा कुणीतरी मोटर थांबवली होती. आणि चप्पल आणून ठेवली होती.

मी ज्याला बिघाड म्हणत होतो, त्याच्यामुळे कोकिळा जिवंत होती.

पण असा करंट उतरला तर तो अर्थच्या हिरव्या वायरीतून जमिनीत जायला हवा. घरातला एमसीबी, म्हणजे वीज आपोआप तोडणारा खटका, पडायला हवा. तो का पडत नव्हता? मागून बघितलं तर हिरवी वायर तळाकडे जाताना दिसायची, म्हणून मी ती लावलेली आहे असंच धरून चाललो होतो.

मी प्लग काढला, मशीन आडवी केली.

हिरवी वायर कापलेली होती. टोकाला टेप, आणि टेपवर पांढऱ्या दोऱ्याच्या दोन गाठी.

उन्हाळ्यात टेप सुटतो म्हणून दोरा बांधायची ही पद्धत जळगावात फक्त एका माणसाची आहे.

शेजारच्या पट्टीवर खिळ्याने कोरलं होतं. भा. २२-११-१७.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. चिंधाभाऊने बाहेरून निळा रंग मारला होता, तळाला कशाला मारेल?

कोकिळा विचारत होती, काय झालं. मला सगळं आठवलं होतं.

नोव्हेंबर २०१७. जळगावचे गौतमचंद शेठ, किराण्याचे व्यापारी. घरात लग्न, पाहुणे भरलेले. मशीन लावली की एमसीबी पडायचा आणि सगळ्या घराची लाईट जायची. त्यांच्या पत्नी भंवरीबाई वैतागलेल्या. मोटर बदलायला हवी होती. दिवसभर लागला असता. मला त्या दिवशी अजून चार ठिकाणी जायचं होतं आणि माझं डोकं तापलेलं होतं.

मी अर्थची वायर कापली. एमसीबी पडायचा थांबला. सगळे खूश.

लग्न झालं की येऊन मोटर बदलतो, असं मी स्वतःशी म्हणालो. गेलो नाही.

त्या घरात कपडे धुवायला एक बाई होती. सातपुड्याच्या पायथ्याकडची. दिवालीबाई. हातात चांदीचे जाड कडे, तोंडभर हसू. निघताना मी तिला म्हणालो होतो, "बाई, चप्पल घालून काम कर हां."

बस. एवढं सांगून मी मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी मी धुळ्याहून थेट शेठच्या घरी गेलो. भंवरीबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. गौतमचंद शेठ थकले होते, त्यांचा मुलगा पारस त्यांना औषध देत होता. मी विचारलं, दिवालीबाई कुठे असते?

शेठ म्हणाले, "ती गेली, भाईदास. लग्नानंतर आठवड्यातच. मशीनजवळ पडलेली मिळाली. हार्ट, असं सांगितलं. भंवरीने परत त्या मशीनला कुणाला हात लावू दिला नाही. जुनी साडी टाकून झाकून ठेवली. भंवरी गेल्यावर पारसने जुन्या मालात काढून टाकली."

मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "ती पडली त्या दिवशी सकाळी दिवाली दारातून चप्पल हातात घेऊन आत आली होती. मी ओरडलो. आत देवाची खोली, स्वयंपाकघर. आमच्याकडे चप्पल दाराच्या आत येत नाही. ती म्हणाली, मेकॅनिकभाऊंनी सांगितलंय. मी म्हटलं, परत ठेव. ठेवली बिचारीने."

मी घरोघरी चप्पल घालून फिरणारा माणूस. माझ्याशी कोण भांडणार? पण जिला दाराच्या आत चप्पल आणायची मुभा नाही, तिला मी चप्पल घालायला सांगून आलो होतो.

मी शेठना सांगितलं. हार्ट नव्हता. वायर मी कापली होती.

पारस उठून आत निघून गेला. मला वाटलं होतं तो मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

कोकिळेच्या मशीनला मी चौदा तारखेच्या रात्रीच नवी मोटर बसवली होती. अर्थ जोडला. कपडे वेळेत गेले, तिचं काम टिकलं. त्यानंतर ती मशीन आजपर्यंत बंद पडलेली नाही. चप्पलही जागची हलत नाही.

राहिलं एकच घर.

पुढच्या रविवारी फैजपूरला उतरून, जीपने यावलच्या वर दिवालीबाईच्या पाड्यावर गेलो. पाड्याचं नाव लिहीत नाही. तिचा नवरा रुपसिंग दारात दोर वळत बसला होता. त्याने आत बसवलं, पाणी दिलं. मी दारात चप्पल काढली. बावीस वर्षांत पहिल्यांदा, कुणी न सांगता.

मी सगळं सांगितलं. एकही शब्द झाकला नाही.

त्याने वळता वळता दोर खाली ठेवला. मग म्हणाला, "ती सांगे माले. एक मेकॅनिक भाऊ चांगला शे. बठ्ठा लोके चप्पल काढाले लावतस, हाऊ एकलाच घाल बोलस."

त्याने दोर पुन्हा हातात घेतला.

"आते जा," तो म्हणाला. "आठे बसू नको."

मी बाहेर आलो.

चप्पल नव्हती.

अंगण मोकळं. माणूस नाही, जनावर नाही. फक्त माझी चप्पल होती तिथून निघालेली ओली पावलं... अनवाणी, बाईची... कोरड्या नाल्याच्या दिशेने गेलेली. मे महिन्यात. मी बघत होतो तोवर ती वाळूनही गेली.

जीपच्या थांब्यापर्यंत मी अनवाणी गेलो. पायाला फोड आले.

तुम्ही म्हणाल, चप्पल चोरीला गेली. मीही तेच म्हणालो. नवी घेतली. दुसऱ्या दिवशी कामावर एका घरी पोचलो, स्कूटर लावून वळलो तर पायात चप्पल नव्हती. मधे कधी काढली, आठवत नाही. तिसरी घेतली. बूट घेतले. रबरी गमबूट घेतले. बाजारात फिरताना सगळं जागेवर असतं. मशीनजवळ गेलो की पाय उघडे.

पण मी हे त्यासाठी लिहीत नाहीये.

आता फोन येतात. भुसावळहून येतात, बोदवडहून येतात, फैजपूरहून आले. बहुतेक बायकांचे. कुणाची मशीन जुनी, कुणाची दोन घरं फिरून आलेली. तक्रार एकच. मधूनच बंद पडते, मेकॅनिक आला की चालते. मी पुढचं विचारत नाही, तरी त्या सांगतात.

"आणि भाऊ, वेडेपणा वाटेल... पण माझी चप्पल कुणीतरी ओली करून मशीनजवळ ठेवतं."

मी जातो. मशीन आडवी करतो. पांढऱ्या दोऱ्याच्या दोन गाठी.

बावीस वर्षांत मी किती घाईत होतो आणि किती हिरव्या वायरी कापल्या, मला आठवत नाही. तिला सगळ्या आठवतात.

प्लग काढून काम करतो, अर्थ जोडतो. पण शेवटी मोटर लावून बघावीच लागते. फरशी ओली असते. पायात काही नसतं.

प्रत्येक वेळी मी थोडा वेळ वाट बघतो.

माझ्यासाठी मोटर थांबत नाही.